मनावरील ताण आणि मेंदूची जडणघडण

दीर्घकाळ खिन्न राहणाऱ्या माणसास 'मन खंबीर करा' असा उपदेश करून आपण मोकळे होतो. मनाच्या दुखण्याचा शरीराशी संबंध नाही, असा समज त्यामागे असतो. परंतु सततच्या ताणामुळे मेंदूच्या रचनेतच फरक पडतो, असे संशोधनाने दाखवून दिले आहे.

संकट उभे राहिले की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे शरीरास प्रसंगाला तोंड देण्याचे बळ मिळते. संकट टळताच त्याचे प्रमाण ओसरते. मात्र कर्ज, नापिकी, गृहकलह अशी चिंता महिनोन्‌महिने टिकली, तर हेच संप्रेरक घातक ठरू शकते.

अशा संप्रेरकांचा प्रभाव मेंदूच्या 'हिप्पोकॅम्पस' या स्मरणाशी निगडित भागावर विशेष पडतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांच्या १९६८ पासूनच्या संशोधनातून उलगडत गेले. बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा दिवस ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखूड झाल्या होत्या; उलट भीतीशी संबंधित 'अमिग्डला' या भागातील शाखा वाढल्या होत्या. स्मरणाची बाजू लंगडी आणि भयाची बाजू बळकट, अशी ही दुहेरी हानी होय.

माणसांतही असेच काही दिसते. वारंवार नैराश्य आलेल्या स्त्रियांमध्ये हिप्पोकॅम्पसचे आकारमान कमी असल्याचे अमेरिकेत १९९६ मध्ये आढळून आले.

ही हानी भरून निघते काय? ताण थांबल्यावर एकवीस दिवसांत उंदरांचा हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डलातील वाढ मात्र तशीच राहिली, असे २००४ मध्ये दिसून आले. वृद्धांनी वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केल्यास हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. तात्पर्य, मेंदूत सुधारणेची शक्ती आहे. परंतु विलंब परवडणारा नाही.

म्हणून एखादा विद्यार्थी अबोल झाला, एखाद्या शेतकऱ्याची झोप व भूक हरपली, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास दोष न देता आस्थेने विचारपूस करावी आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ पासून 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही विनामूल्य सल्ला मिळतो. मोडलेल्या हाडास आपण उपदेश करीत नाही, उपचार करतो. शिणलेल्या मेंदूसही तोच न्याय लावला पाहिजे.