पूर्ण कळफलक असलेले आलेखी गणकयंत्र

पूर्ण कळफलक असलेले आलेखी गणकयंत्र हा ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा एक प्रगत प्रकार आहे. अंक आणि क्रियाचिन्हे यांच्या कळांखेरीज या यंत्रावर प्रत्येक रोमन अक्षरासाठी टंकलेखन यंत्राप्रमाणे स्वतंत्र कळ असते. अक्षरांची ही मांडणी वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून ‘क्वर्टी’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणलेले टीआय-९२ हे या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. टीआय-९२ प्लस (१९९८) आणि व्हॉयेज २०० (२००२) ही त्याची पुढची रूपे. बीजगणितातील राशी चिन्हरूपातच सोडवणे, भूमितीच्या आकृत्या पडद्यावर रचणे आणि त्रिमितीय आलेख काढणे ही कामे या यंत्रांनी शालेय विद्यार्थ्याच्या हाती आणून दिली. तथापि अमेरिकेतील महत्त्वाच्या परीक्षांमध्ये त्यांना मज्जाव झाला. त्याचे कारण त्यांचे गणिती सामर्थ्य नव्हते, तर त्यांचा कळफलक होता. या एका नियमामुळे या यंत्रांच्या पुढील विकासाची दिशाच बदलली.

पार्श्वभूमी

अक्षरांचा कळफलक आणि आलेख काढण्याची सोय या दोन गोष्टी प्रारंभी वेगवेगळ्या यंत्रांत आढळत. जपानच्या शार्प कंपनीने १९८० मध्ये पीसी-१२११ हा खिशात मावणारा संगणक बाजारात आणला. त्यावर क्वर्टी कळफलक होता आणि बेसिक भाषेत लिहिलेल्या आज्ञावली त्यावर चालत. मात्र त्याचा पडदा एका वेळी २४ अक्षरांची एकच ओळ दाखवू शके. त्यावर आलेख काढणे शक्य नव्हते.

कॅसिओ कंपनीचे एफएक्स-७०००जी (१९८५) हे बाजारात आलेले पहिले आलेखी गणकयंत्र मानले जाते. आज्ञावली साठवण्यासाठी त्यात अवघी ४२२ बाइट इतकी स्मृती होती. फलनाचा आलेख ते काढून दाखवी, परंतु त्याचे सर्व काम संख्यांवरच चाले.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या एचपी-२८सी (१९८७) या यंत्राने ही मर्यादा ओलांडली. अक्षररूपातील बैजिक राशींवर थेट क्रिया करणारे ते पहिले हातातील गणकयंत्र होते. ते पुस्तकासारखे उघडे. त्याच्या डाव्या भागावर रोमन अक्षरांच्या कळा वर्णानुक्रमाने मांडलेल्या होत्या, तर उजव्या भागावर अंक आणि क्रिया होत्या. बीजगणित करावयाचे तर यंत्राला अक्षरे हवीत, ही जाणीव या रचनेत स्पष्ट दिसते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपले पहिले आलेखी गणकयंत्र, टीआय-८१, १९९० मध्ये विक्रीस आणले. शाळा हीच या कंपनीने आपली मुख्य बाजारपेठ मानली. १९९५ पासून अमेरिकेतील ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या योजनेच्या कलनशास्त्राच्या परीक्षेत आलेखी गणकयंत्र आवश्यक ठरले. टीआय-९२ याच वर्षी बाजारात आले.

चिन्हरूप बीजगणित आणि कळफलकाची गरज

साधे गणकयंत्र १ भागिले ३ याचे उत्तर ०.३३३३३३ असे देते. संगणकीय बीजगणित प्रणाली असलेले यंत्र तेच उत्तर १/३ असे अपूर्णांकातच ठेवते. ८ चे वर्गमूळ ते २.८२८४ असे न देता २√२ असे देते. क्ष² − ५क्ष + ६ ही राशी दिल्यास (क्ष − २)(क्ष − ३) असे अवयव पाडते आणि क्ष³ चे अवकलन ३क्ष² असे लिहून दाखवते. येथे ‘क्ष’ ला कोणतीही किंमत दिलेली नसते. राशीची अंतर्गत रचना यंत्र स्मृतीत साठवते आणि बीजगणिताचे नियम त्या रचनेला लावत जाते. विद्यार्थी कागदावर जे करतो, त्याचेच हे यांत्रिक रूप होय.

अशा यंत्राशी बोलावयाचे तर केवळ अंक पुरत नाहीत. अवयव पाडणे, विस्तार करणे, समीकरण सोडवणे यांसाठी शब्दरूप आज्ञा असतात. चलांना आणि फलनांना नावे द्यावी लागतात. आज्ञावली लिहावी लागते. साध्या आलेखी गणकयंत्रावर अक्षरे अन्य कळांवर दुय्यम चिन्हे म्हणून छापलेली असतात आणि ती उमटवण्यासाठी आधी एक विशेष कळ दाबावी लागते. दोन-तीन अक्षरांसाठी हे चालते. दहा ओळींची आज्ञावली लिहिताना मात्र ते कंटाळवाणे होते. पूर्ण कळफलकाचे प्रयोजन हे होते.

टीआय-९२ ची रचना

टीआय-९२ हे आडवे, रुंद आणि दोन्ही हातांनी धरावयाचे यंत्र होते. त्याचा पडदा २४० × १२८ चित्रबिंदूंचा असून त्यावर अपूर्णांक, घातांक आणि मूळचिन्हे पाठ्यपुस्तकातल्याप्रमाणे वर-खाली मांडलेली दिसत. पडद्याखाली क्वर्टी कळफलक होता आणि उजवीकडे अंकांच्या कळा होत्या. दर्शक सर्व दिशांना हलवण्यासाठी मोठी गोलाकार कळ दिलेली होती.

यंत्राच्या केंद्रस्थानी मोटोरोला ६८००० हा प्रक्रियक १० मेगाहर्ट्झ वेगाने चाले. १९८४ च्या पहिल्या अॅपल मॅकिंटॉश संगणकात हाच प्रक्रियक याहून कमी वेगाने चालत होता. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी टेबलावर ठेवावी लागणारी गणनशक्ती आता साध्या विद्युत्‌घटांवर चालून विद्यार्थ्याच्या दप्तरात मावू लागली.

यंत्रातील दोन प्रमुख आज्ञावलींचा उगम कंपनीबाहेरचा होता. बीजगणिताचा भाग ‘डिराइव्ह’ या प्रणालीच्या कर्त्यांनी तयार केला. हवाई बेटांवरील होनोलुलु येथील सॉफ्ट वेअरहाउस या छोट्या संस्थेत डेव्हिड स्टौटमायर आणि अल्बर्ट रिच यांनी आधी ‘म्युमॅथ’ आणि नंतर १९८८ मध्ये ‘डिराइव्ह’ ही प्रणाली तयार केली होती. मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या अशा प्रणालींना भरपूर स्मृती लागे. या दोघांनी मात्र प्रारंभापासून लहान यंत्रे डोळ्यांपुढे ठेवली होती. काटकसरीच्या या परंपरेमुळे त्यांचे काम गणकयंत्रात उतरवणे शक्य झाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९९ मध्ये ही संस्थाच विकत घेतली.

भूमितीचा भाग फ्रान्समधील ग्रनोबल येथे झां-मारी लाबोर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘काब्री’ या प्रणालीवर आधारलेला होता. त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक रचले आणि मग एक शिरोबिंदू सरकवला, तर आकृती बदलते. परंतु लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळत राहतात. हा बिंदू म्हणजे त्रिकोणाचे परिकेंद्र. काटकोन त्रिकोणात तो कर्णाच्या मध्यावर येतो आणि विशालकोन त्रिकोणात आकृतीबाहेर जातो, हे विद्यार्थ्याला स्वतः सरकवून पाहता येई. ही सिद्धता नव्हे. पण सिद्धता कशाची हवी, हे त्यातून उमगते.

याखेरीज त्रिमितीय आलेख, सांख्यिकी, आज्ञावली-लेखन आणि टिपणे लिहिण्यासाठी मजकूर-संपादक या सोयी यंत्रात होत्या. या शेवटच्या सोयीला परीक्षेच्या दृष्टीने वेगळाच अर्थ प्राप्त झाला.

परीक्षांतील बंदी

अमेरिकेत सॅट आणि अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट या परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. टंकलेखन यंत्रासारखा कळफलक असलेली यंत्रे तिने अनुज्ञात यंत्रांतून वगळली. लॅपटॉप, खिशातील संगणक आणि इलेक्ट्रॉनिक रोजनिशी यांच्याच पंक्तीला टीआय-९२ जाऊन बसले. ज्या यंत्रावर सलग मजकूर भरभर लिहिता येतो, त्यावर प्रश्नपत्रिकेतील प्रश्न उतरवून बाहेर नेता येतात, ही अडचण उघड होती. शिवाय असा नियम लागू करणे पर्यवेक्षकाला सोपे होते. यंत्रात कोणती आज्ञावली आहे हे बाहेरून कळत नाही. कळफलक मात्र नजरेला पडतो.

परिणामी एक विसंगती निर्माण झाली. बीजगणित स्वतः सोडवणारे यंत्र परीक्षेत असावे की नसावे, हा खरा शैक्षणिक प्रश्न होता. नियमाने त्याऐवजी यंत्राच्या बाह्य रूपाचा निकष लावला.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९८ मध्ये टीआय-८९ बाजारात आणून ही विसंगती उघडी पाडली. हे यंत्र उभे, एका हातात मावणारे आणि १६० × १०० चित्रबिंदूंच्या पडद्याचे होते. त्यात टीआय-९२ ची बीजगणित प्रणाली होती. कळफलक तेवढा नव्हता. गणितात नेहमी लागणाऱ्या चार चलाक्षरांना स्वतंत्र कळा दिल्या होत्या आणि उरलेली अक्षरे दुय्यम चिन्हे म्हणून छापली होती. सॅट परीक्षेत हे यंत्र चालत असे. अमेरिकेतीलच एसीटी या प्रवेशपरीक्षेने मात्र बीजगणित प्रणाली हाच निकष ठरवून टीआय-८९ आणि टीआय-९२ या दोहोंवर बंदी घातली. एकच यंत्र एका परीक्षेत चालते आणि दुसऱ्या परीक्षेत चालत नाही, अशी स्थिती विद्यार्थ्यांना अनेक वर्षे सांभाळावी लागली.

अन्यत्र निकष वेगळे होते. फ्रान्समध्ये १९९९ च्या शासकीय परिपत्रकाने परीक्षेत आज्ञावली साठवणारी, अक्षरे असलेली आणि आलेखी अशी सर्व गणकयंत्रे वापरण्यास मुभा दिली. यंत्र स्वतंत्रपणे चालावे आणि त्याला मुद्रक जोडलेला नसावा, एवढीच अपेक्षा होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००१ पासून बीजगणित प्रणालीसह शिकवावयाचा गणिताचा अभ्यासक्रम प्रायोगिक रूपात सुरू केला. पुढे त्यात एक प्रश्नपत्रिका यंत्राविना आणि दुसरी यंत्रासह अशी विभागणी झाली.

शैक्षणिक वाद

या यंत्रांनी गणिताच्या अध्यापनापुढे मूलभूत प्रश्न उभा केला. जे काम यंत्र क्षणात करते, ते विद्यार्थ्याने हाताने का शिकावे? ऑस्ट्रियाचे गणितज्ञ ब्रुनो बुखबर्गर यांनी समाकलनाच्या नियमांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाची मांडणी १९९० मध्ये केली. एखादा विषय नवा असताना विद्यार्थ्याने त्यातील प्रत्येक पायरी स्वतः करावी; तो अंगवळणी पडल्यावर पुढच्या विषयात त्याच पायऱ्या यंत्राकडे सोपवाव्यात, असे त्यांचे सूत्र आहे. पहिल्या अवस्थेला त्यांनी ‘पांढरी पेटी’ आणि दुसरीला ‘काळी पेटी’ असे म्हटले. या सूत्रानुसार यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न अपुरा ठरतो. ते शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर हाती द्यावे, हे महत्त्वाचे. ऑस्ट्रियातील शाळांमध्ये डिराइव्ह आणि नंतर टीआय-९२ यांचे प्रयोग याच विचाराच्या आधारे झाले.

यंत्राच्या उत्तरालाही अर्थ लावावा लागतो, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. क्ष² चे वर्गमूळ मागितल्यावर यंत्र क्ष न देता क्षचे केवलमूल्य देते. हे उत्तर बरोबर आहे. पण ते बरोबर का, हे ऋण संख्यांचा विचार करणाऱ्यालाच समजते.

पुढील रूपे

टीआय-९२ ची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये आली. तीत स्मृती वाढवली होती आणि पाच युरोपीय भाषांची निवड उपलब्ध होती. टीआय-९२ प्लस या यंत्रात फ्लॅश स्मृती असल्याने त्याची मूळ प्रणाली अद्ययावत करता येऊ लागली. व्हॉयेज २०० हे आकाराने लहान असून त्यात वापरकर्त्यासाठी सुमारे २.७ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. त्याचा कळफलक क्वर्टीच राहिला; साहजिकच परीक्षांतील बंदीही कायम राहिली.

कॅसिओने क्लासपॅड ३०० (२००३) या यंत्रात वेगळा मार्ग पत्करला. त्याच्या पडद्याला लेखणीने स्पर्श करता येई आणि कळफलक हवा तेव्हा पडद्यावरच उमटे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीआय-एनस्पायर (२००७) या यंत्रात प्रत्येक अक्षराला पुन्हा स्वतंत्र कळ दिली, परंतु अक्षरे क्वर्टी क्रमाने न मांडता वर्णानुक्रमाने मांडली. बीजगणित प्रणालीसह आणि त्याविना अशा दोन आवृत्त्या वेगवेगळ्या विकण्यास तिने याच यंत्रापासून प्रारंभ केला. कळफलक असूनही त्याला टंकलेखन यंत्राचे रूप नव्हते, म्हणून परीक्षेची वाट त्याला मोकळी राहिली. डिराइव्हची विक्री २००७ मध्येच थांबवण्यात आली. ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी प्राइम (२०१३) मध्ये रंगीत स्पर्शपडदा आला आणि त्यातील बीजगणिताचा भाग ग्रनोबल विद्यापीठातील बर्नार पारीस यांच्या ‘जिआक’ या मुक्त प्रणालीवर आधारलेला होता.

आजची स्थिती

संगणक, भ्रमणध्वनी आणि महाजालावरील ‘डेसमॉस’सारख्या मोफत सुविधांमुळे क्वर्टी कळफलकाच्या स्वतंत्र गणकयंत्राची गरज उरली नाही. व्हॉयेज २०० नंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्या घडणीचे नवे यंत्र काढले नाही. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेत डेसमॉसचे आलेखी गणकयंत्र पडद्यावरच पुरवले जाते. ऑगस्ट २०२५ पासून या परीक्षेत बीजगणित प्रणाली असलेल्या गणकयंत्रांना मनाई करण्यात आली. अशा रीतीने टीआय-९२ बाजारात आल्यानंतर तीस वर्षांनी सॅटचा निकष यंत्राच्या कळफलकावरून त्याच्या गणितावर आला.