व्याप्ती वाढली की नुसतं काम वाढलं?

कुकडी सिंचन प्रकल्पाच्या खर्चाचा विषय निघाला की नारायणगाव असो नाहीतर मंचर, चहाच्या टपरीपासून ठेकेदाराच्या ऑफिसपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : “व्याप्ती वाढली हो, मग खर्च वाढणारच.” बोलणारा ठासून बोलतो, ऐकणारे माना डोलावतात आणि विषय मिटतो. शिकल्या-सवरल्या माणसांनाही या वाक्यात काही खटकत नाही, याचंच मला नवल वाटतं.

गैरसमज : काम वाढलं म्हणजे व्याप्ती वाढली

वस्तुस्थिती अशी की या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पातून काय मिळणार आणि कुठवर मिळणार, याची हद्द म्हणजे व्याप्ती. ते मिळवण्यासाठी लागणारे मजुरांचे दिवस, पोकलेनचे तास, खोदाईचे घनमीटर म्हणजे काम.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाला दोन किलोमीटरची पोटचारी मंजूर झाली. ४० हेक्टर भिजवायचं आहे. चाचणी खड्डे दोनच घेतले, तेही रस्त्यालगत सोयीच्या जागी. त्यात मुरूम लागला, म्हणून अंदाजपत्रकातही सगळीकडे मुरूमच धरला. खोदाई सुरू झाली आणि पाचशे मीटरवर काळा पाषाण लागला. पोकलेनची बकेट नुसती खरडू लागली. मग ब्रेकर आणला, ब्रेकरनंही भागेना तेव्हा सुरुंग. महिन्याभराचं काम तीन महिने चाललं. चारी तेवढीच, भिजणारं रान तेवढंच. व्याप्ती इंचभरही हलली नाही, काम मात्र तिप्पट झालं.

आता उलटं पाहा. शेजारच्या वाडीचे १५ हेक्टर त्याच चारीवर घ्यायचं ठरलं आणि तशी मंजुरीही मिळाली. जमीन भुसभुशीत, जादा खोदाई चार दिवसांत उरकली. काम नावापुरतं वाढलं, पण व्याप्ती नक्की वाढली. कारण आता १५ हेक्टरवाले हक्कानं पाणी मागणार.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त घडतो आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. पाषाण लागल्यावर चारी दीड किलोमीटरवरच थांबवली जाते. खर्च अंदाजपत्रकात बसला, बिल निघालं, कागदावर सगळं आलबेल. इथे व्याप्ती घटली. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं पाणी कुणी न बोलता प्रकल्पाबाहेर गेलं. “व्याप्ती वाढली” हे वाक्य उठता-बसता ऐकू येतं, “व्याप्ती घटली” असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

खुद्द कुकडीत काय झालं? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी ही पाच धरणं. पाणी मात्र जुन्नर-आंबेगावच्या हद्दीत थांबत नाही; शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत ते पार करमाळ्यापर्यंत जायचं आहे. मूळ मंजुरीच्या वेळी या प्रकल्पाचा खर्च दोन आकडी कोटींत होता. २०१८च्या सुधारित प्रशासकीय मान्यतेत, म्हणजे सगळे जिला ‘सुप्रमा’ म्हणतात तिच्यात, तो सुमारे ३,९४८ कोटी रुपयांवर गेला. ही सगळी वाढ व्याप्तीच्या नावावर टाकायची?

सुप्रमाच्या प्रस्तावात खर्चवाढ कारणांनुसार फोडून दाखवावी लागते : दरसूचीतला बदल, भूसंपादनाची वाढलेली किंमत, संकल्पचित्रातला बदल, मुळातच अपुरी धरलेली तरतूद, व्याप्तीतला बदल, आस्थापना वगैरे. सिमेंट-डिझेल महागलं, तर व्याप्तीही तीच आणि कामही तेच, फक्त दर वाढला. २०१३च्या भूसंपादन कायद्यानं जमिनीचा मोबदला वाढला, तेव्हा कालव्याची लांबी वाढली नाही. गळका कालवा उकरून पुन्हा अस्तरीकरण केलं, तर काम भरपूर झालं. पण जे पाणी आधीच पोचायला हवं होतं, तेच आता पोचणार. त्याला व्याप्ती वाढली म्हणणं हा शुद्ध चावटपणा आहे.

खरी व्याप्ती कशानं बदलते, याचं उदाहरणही इथलंच आहे : डिंभे-माणिकडोह बोगदा. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावकडे आणण्याची मूळ सोय आहे. माणिकडोह बऱ्याचदा पुरतं भरत नाही, म्हणून डिंभ्याचं पाणी बोगद्यानं तिकडे वळवायचं, असा हा प्रस्ताव. खालच्या तालुक्यांना तो हवा आहे. बोगद्याचा तळ खोल गेला तर डिंभे रिकामं होईल, ही आंबेगावची भीती आहे. कोण बरोबर, हा वाद इथे सोडवायचा नाही. पण या बोगद्यानं पाण्याची वाट बदलते आणि कुणाच्या वाट्याला किती, हेही बदलू शकतं. ही व्याप्ती. म्हणूनच त्यावर मोर्चे निघतात. खडक कठीण निघाला म्हणून कुणी मोर्चा काढत नाही.

“हे सगळं पुस्तकी झालं, प्रत्यक्षात असा भेद कुणी करत नाही,” असं म्हणणाऱ्या ठेकेदारानं स्वतःच्याच निविदेची पानं उलटावीत. महाराष्ट्रातल्या सरकारी कामांचा बी-१ नमुना त्याच्या सहीचा असतो. त्यातलं कलम ३८ परिमाणाबद्दल आहे : निविदेतले आकडे अंदाजे असतात आणि २५ टक्क्यांपर्यंत जादा भरले तरी दर तोच राहतो. फेरबदल आणि जादा बाबींसाठी कलम १४ वेगळं. म्हणजे हा भेद त्यानं सही करून मान्य केलेला असतो, टपरीवर आल्यावर मात्र तो विसरतो.

एक शंका रास्त आहे. प्रकल्प व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेली मुलं सांगतात, “आमच्या पुस्तकात तर स्कोपची, म्हणजे व्याप्तीची, व्याख्याच कामावरून केली आहे.” खरं आहे. अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथात स्कोपचे दोन प्रकार आहेत. प्रॉडक्ट स्कोप म्हणजे तयार वस्तूत कोणकोणते गुण हवेत ते, आणि प्रोजेक्ट स्कोप म्हणजे ती वस्तू हाती पडण्यासाठी जे काम करणं भाग आहे ते. घोटाळा या दुसऱ्या व्याख्येनं होतो. तिथे प्रश्न ‘कोणतं काम आत, कोणतं बाहेर’ एवढाच आहे. आतल्या कामाला किती तास लागतील, हा हिशेब वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात येतो. पोकलेनचे तास वाढले की वेळापत्रक बदलतं, व्याप्तीचं कुंपण जागच्या जागी राहतं.

गैरसमज : डोळ्यांना नवं काही दिसलं नाही, म्हणजे व्याप्ती वाढली नाही

खोडदला जा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आणि आसपासच्या परिसरात जशा होत्या तशाच उभ्या दिसतील. पण मधल्या काळात दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झालं. नवे रिसीव्हर, नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसली आणि एका वेळी टिपता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. एकही नवी तबकडी न उभारता दुर्बिणीच्या क्षमतेची व्याप्ती वाढली. गावातून जाता-येता पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसेल.

बाकीचे, थोडक्यात

“नव्वद टक्के निधी खर्च झाला, म्हणजे नव्वद टक्के प्रकल्प झाला.” नाही. मोजमाप पुस्तकात खोदाई आणि काँक्रीट भरतं; किती रान भिजलं, ते त्यात कळत नाही.

“कागदात नाव नाही, ते आमच्याकडे नाही.” अर्धंच खरं. कालवा ओढ्यावरून न्यायचा तर मोरी लागणारच. तिच्यावाचून पाणी पुढे जात नसेल, तर ती व्याप्तीतच येते. अंदाजपत्रकात ती राहिली असेल, तर ती अंदाजपत्रकाची चूक.

“जादा यंत्रं लावली की व्याप्ती लवकर पूर्ण होते.” अरुंद चारीत दोन पोकलेन एकमेकांसमोर उभे राहिलेले ज्यानं पाहिलेत, तो असं म्हणणार नाही.

“धरण भरलं, प्रकल्प झाला.” कालवे, वितरिका, पोटचाऱ्या, विस्थापितांचं पुनर्वसन हे सगळं त्याच व्याप्तीत येतं. शेवटचा टप्पा तर हमखास विसरला जातो. २००५च्या कायद्यानुसार सिंचन व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे सोपवायचं असतं. त्याआधी अधिकारी आणि शेतकऱ्यांनी चारीवरून एकत्र चालत जाऊन पाहणी करायची, तुटकं-फुटकं लिहून काढायचं आणि त्याची दुरुस्ती व्हायची. या कामाला ना पोकलेन लागतो ना सुरुंग, म्हणून ते कुणाला काम वाटत नाही. ते न करता चारी सोपवली, तर गेट नसलेली चारी संस्थेच्या गळ्यात पडते आणि पुढच्या आवर्तनाला अध्यक्ष रात्री बॅटरी घेऊन मातीच्या गोण्यांनी पाणी अडवत बसतो.