कोल्हापुरी मिलानला पोचली, कारागीर कुठे राहिला?

इटलीतील मिलान शहरात जून 2025 मध्ये 'प्रादा' या बड्या कंपनीचा फॅशन शो झाला. मंचावर चालत आलेल्या तरुणांच्या पायांत आपली कोल्हापुरी होती. कंपनीने मात्र तिला नुसते 'चामडी सँडल' म्हटले. ना कोल्हापूरचे नाव, ना कारागिराचे. इकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, तेव्हा कुठे कंपनीने कबूल केले की ही कल्पना भारतीय हस्तकलेवरून घेतली आहे.

आमच्या दिघाशीत चपला बनत नाहीत, मग हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. आपली मुले भिवंडीच्या गोदामांत राबतात. बूट-चपलांचे खोके ट्रकमधून उतरवायचे, मोजायचे, पुन्हा चढवायचे. खोक्यावर कंपनीचे नाव, पत्ता, किंमत सारे छापलेले असते. ज्या हातांनी चप्पल शिवली त्यांचा पत्ता नसतो. माल पुढे नेणाऱ्या साखळीचे आपण एक टोक आहोत. दुसऱ्या टोकाला कोल्हापूरच्या सुभाषनगरातील चर्मकार कुटुंबे बसली आहेत. त्यांचे दुखणे आपण समजून घ्यायला नको काय?

खरी कोल्हापुरी करायला वेळ लागतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावतात, त्यातच काही आठवडे जातात. खिळा मारीत नाहीत, चामड्याच्याच वादीने शिवतात. कातडे कमावणारे बहुधा ढोर समाजाचे, शिवणारे चर्मकार. वेणी विणणे, शिवण घालणे ही कामे पुष्कळदा घरातल्या बायाच करतात. मजुरी जोडामागे ठरते आणि बाईचे काम त्या जोडात मिसळून जाते, त्याचा वेगळा पैसा कोणी धरीत नाही. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, बुरशी धरते. ऑर्डरची तारीख मात्र पावसासाठी थांबत नाही.

त्यात कातड्याची टंचाई. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. कायद्याबाहेरच्या जनावराचे कातडे नेतानाही गाडीवाल्याला धाक वाटतो. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना कसे झोडपले, ते आपण विसरलेलो नाही. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला मृत जनावराचे मांस सोडा असे बजावले. आपल्या वाडवडिलांनी ते ऐकले, मेलेली गुरे ओढण्याचे कामही टाकले, ते योग्यच झाले. पण जे बांधव चामड्याच्या धंद्यात राहिले त्यांनी मार आणि टंचाई सोसायची, आणि नफा दुसऱ्याने न्यायचा, हा न्याय नव्हे.

आता कागदाकडे येऊ. आम्ही कारकुनी करतो, तेव्हा आमची नजर कागदावर आधी जाणार. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावावर, आपले लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर. प्रादाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली. कारण सरळ होते : ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी यावे, तुम्ही कोण? ज्याच्या हाती कागद नाही, त्याचे गाऱ्हाणे कोर्टाच्या दारातच थांबते.

त्याच महिन्यात लिडकॉमने जोडीवर क्यूआर कोड लावण्याची योजना पुढे आणली. मोबाईल धरला की कारागीर, जिल्हा, कातडे यांची माहिती दिसावी, असा तिचा हेतू. खोक्यावर जे नसते तेच येथे आहे. पण ज्याची नोंदच नाही त्याचे नाव कोडात कुठून येणार?

परदेशाची आणखी एक अट. युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-6 हा घातक अंश किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत लागतो. हा नियम 2015 पासून आहे. बाभूळ-हिरड्याने कमावताना क्रोम वापरतच नाहीत, ही आपली जमेची बाजू. परंतु प्रयोगशाळेचा दाखला मागितला की एकटा कारागीर अडतो. शंभर जोड एका मापाचे हवेत, पैसे माल पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी, आणि घरची चूल तर आठवड्याच्या हिशेबावर. मग उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच माल जातो. कर्नाटकात अथणीच्या महिलांनी बचत गट एकत्र करून 'टोहोल्ड' या नावाने चपला परदेशी पाठवल्या. एकटीला जे जमत नव्हते ते गटाला जमले.

परदेशी गिऱ्हाइकाचा भरवसाही बेताचाच. 27 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचा वाढीव कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा आग्र्याच्या बूट कारखान्यांनाही घाम फुटला.

डिसेंबर 2025 मध्ये प्रादाने दोन्ही महामंडळांशी करार केला. 2,000 जोड येथे बनवायचे आणि जोडीची किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे आपले 80 हजार रुपयांच्या वर, असे त्या वेळी जाहीर झाले. कोल्हापूरच्या पेठेत साधी जोडी हजार-दीड हजाराला मिळते. या 80 हजारांत शिवणाऱ्याला किती आणि वेणी विणणाऱ्या बाईला किती, हा आकडा महामंडळाने जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या ओळखीचे चर्मकार कुटुंब असेल, तर त्यांना एवढे जरूर विचारा : मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद झाली काय? 2020 च्या नियमांनी या अर्जाची फी 10 रुपयांवर आणली. माल स्वतः बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक लागतो, त्याला 500 रुपये. पॅन कार्ड आणि बँकेचे खाते हवे, अर्ज संगणकावर भरता येतो. गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सोबत बसवावे. आणि अर्ज करताना घरातल्या बाईच्या नावाचाही करावा, कारण वेणी तिनेच विणलेली असते.