विमानाचे वजन व इंधनबचत

विमानाचा सांगाडा, अंतर्भागातील सामग्री व बरोबर नेले जाणारे इंधन यांचे वजन घटवून इंधनाचा खर्च कमी करण्याचे तंत्र. एका उड्डाणातील बचत अल्प असते. परंतु प्रवासी विमान २०–२५ वर्षे वापरात राहत असल्याने तिची बेरीज मोठी होते.

तत्त्व : समतल उड्डाणात पंखांवरील उत्थापक प्रेरणा विमानाच्या वजनाइतकी असावी लागते. वजन वाढल्यास ही प्रेरणा वाढवावी लागते. त्याबरोबर हवेचा अवरोधही वाढतो व एंजिनाला अधिक रेटा द्यावा लागतो. आधुनिक जेट विमानात १०० किग्रॅ. जादा वजन वाहण्यास ताशी सु. ३ किग्रॅ. इंधन लागते. वर्षाला ३,००० तास उड्डाण करणाऱ्या विमानात हा खर्च वर्षाला ९ टन व २५ वर्षांत २२५ टन होतो. त्याच्या ज्वलनातून सु. ७०० टन कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात मिसळतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात तर इंधन वाहून नेण्यासाठीच काही इंधन खर्ची पडते.

उपाय : अभिकल्पाच्या वेळी केलेली वजनघट सर्वांत फलदायी ठरते. सांगाडा हलका झाला की लहान पंख, कमी शक्तीची एंजिने व कमी इंधन पुरते आणि त्यामुळे सांगाडा आणखी हलका करता येतो. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंची घनता सु. २·८, तर कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्यांची सु. १·६ ग्रॅ./घ.सेंमी. असते. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचे सु. निम्मे वजन संमिश्र द्रव्यांचे आहे. १९८६ मध्ये वाटेत न उतरता व हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाचे रिकामे वजन सु. १ टन होते व उड्डाणाच्या वेळी त्यात सु. ३ टन इंधन होते. वापरातील विमानांत हलकी आसने व सामानपेट्या बसवितात, तसेच वैमानिकांच्या जाडजूड कागदी पुस्तिकांऐवजी इलेक्ट्रॉनिक साधने देतात.

मर्यादा : वजन घटविताना बळकटीस बाध येऊ देता येत नाही. सांगाड्याचे भाग सेवेतील कमाल अपेक्षित भाराच्या सामान्यतः दीडपट भार सोसतील असे बनवितात. संमिश्र द्रव्ये महाग असतात आणि आघाताने त्यांच्या आत झालेली इजा पृष्ठभागावर पुष्कळदा दिसत नाही; त्यामुळे विशेष तपासणी आवश्यक ठरते. हवामान बिघडल्यास किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळावे लागल्यास उपयोगी पडणारा राखीव इंधनसाठा ठरलेल्या मर्यादेखाली आणता येत नाही. वजनातील जी घट सुरक्षिततेची किंमत देऊन मिळते, ती बचत मानली जात नाही.