पाळणा आणि पदोन्नती

पदोन्नतीची यादी जाहीर होते तो दिवस बँकेच्या शाखेत सणासारखाच असतो. पेढे वाटले जातात, दूरध्वनी खणखणतात, शाखाधिकारी दालनातून बाहेर येऊन अभिनंदन करतात. त्या यादीत तिचेही नाव असते. परंतु पेढा हातात घेताना तिच्या मनात पहिला विचार येतो तो बदलीच्या गावाचा. घरी नऊ महिन्यांचे मूल आहे. पतीची नोकरी याच शहरात आहे. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. होकार किंवा नकार ठरावीक मुदतीत कळवायचा आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचेही नाव यादीत आहे आणि त्याच्याही घरी यंदाच पाळणा हलला आहे. त्याला सारे विचारतात, “कोठे बदली झाली?” तिला विचारतात, “मग आता बाळाचे काय?”

हे दोन प्रश्न वरवर पाहता साधे आहेत. आपुलकीनेच विचारलेले आहेत. परंतु स्त्री-पुरुष समानतेचा सारा तिढा या दोन प्रश्नांमधील अंतरात साठलेला आहे. करिअर की मातृत्व, अशी निवड स्त्रीपुढे ठेवली जाते. करिअर की पितृत्व, अशी निवड मात्र सहसा कोणा पुरुषापुढे ठेवली जात नाही. जो पर्याय दोघांपैकी एकालाच निवडावा लागतो, त्याला निवड म्हणावे की अडवणूक, याचा विचार शांतपणे करण्याची गरज आहे.

मुंबईच्या विधिमंडळातील एक चर्चा

हा प्रश्न आजचा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरण्या-कारखान्यांतील स्त्री-कामगारांना प्रसूतिकाळात सवेतन विश्रांती देणारे विधेयक चर्चेला आले होते. त्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खर्चाचा होता. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाचा पुरस्कार केला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. म्हणूनच हा भार मुख्यतः शासनाने उचलायला हवा, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. परंतु मालकालाही त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ मिळत असतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा उचलण्यात गैर काही नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात मातृत्व लाभाचा कायदा झाला.

मूल जन्माला येते ते एका घरात; पण उद्या तेच मूल कामगार, करदाता, शिक्षक, सैनिक होणार असते. त्याच्या संगोपनाचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो. मग त्याची किंमत एकट्या मातेने, आपल्या पगारातून आणि पदोन्नतीतून, का मोजावी? भार कोणी उचलायचा हा १९२८ सालचा प्रश्न आज जवळजवळ शंभर वर्षांनंतरही या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

न्यायालयाच्या पायऱ्या

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने समान संधीचे अभिवचन दिले. सेवानियमांना मात्र ते उमगण्यास बराच काळ लागला. भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी सेवेतील नियमांनाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. विवाह करण्यापूर्वी महिला अधिकाऱ्याने शासनाची लेखी परवानगी घ्यावी आणि कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे कामात बाधा येईल असे वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता यावे, असे ते नियम होते. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली. पत्नीची कौटुंबिक जबाबदारी कामाच्या आड येते, तर पतीची का येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला गाजला. पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपुष्टात आणणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने मनमानी ठरवून रद्द केला. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र त्या निकालात कायम राहिली. प्रगती अशीच, एक पाऊल पुढे आणि अर्धे पाऊल अडखळत, झाली आहे.

वित्तक्षेत्रही याला अपवाद नव्हते. एका सरकारी विमा महामंडळाच्या नोकरीच्या अर्जात महिला उमेदवारांना मासिक पाळी, गर्भारपण आणि गर्भपात यांविषयी प्रश्न विचारले जात. प्रसूती रजा मागणाऱ्या एका परिवीक्षाधीन कर्मचारी महिलेला अर्जात खोटी माहिती दिल्याचा ठपका ठेवून कमी करण्यात आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला आणि असे प्रश्न अर्जातून काढून टाकावेत असे सुचविले. तरीही २०२१ च्या डिसेंबरअखेरीस देशातील एका मोठ्या बँकेने तीन महिन्यांहून अधिक काळ गर्भवती असलेल्या नवनियुक्त उमेदवारांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरविणारे परिपत्रक काढले होते. देशभरातून विरोध होताच ते मागे घेण्यात आले. जुनी दृष्टी किती चिवट असते, हे यावरून ध्यानात यावे.

८ मार्च २००० रोजी, महिला दिनीच, आणखी एक महत्त्वाचा निकाल लागला. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवर रस्त्याची कामे करणाऱ्या स्त्रियांनाही प्रसूती रजेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. खडी वाहणारी माता आणि कार्यालयात बसणारी माता यांच्या थकव्यात भेद करता येणार नाही, हेच त्यातून अधोरेखित झाले.

सव्वीस आठवडे आणि त्यानंतर

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १२ आठवड्यांची सवेतन रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशीही तरतूद झाली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु येथेच एक गुंता आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारानुसार या लाभाचा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असे अपेक्षित आहे. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरील आस्थापनांमध्ये रजेचे वेतन मालकालाच द्यावे लागते. त्यामुळे एखादा छोटा उद्योजक तरुण विवाहित स्त्रीला नोकरीवर घेतानाच हात आखडता घेतो. जो हक्क तिच्या रक्षणासाठी दिला, तोच तिच्या वाटेत धोंड होऊ शकतो. शिवाय देशातील बहुसंख्य श्रमिक स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. शेतात, वीटभट्टीवर, घरकामात राबणाऱ्या स्त्रीला सव्वीस आठवडे कोण देणार? तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य आहे. ते मोलाचे असले तरी सहा महिन्यांच्या मजुरीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रातील पित्यांसाठी मात्र कायद्यात अशी तरतूद नाही. स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेच्या जागी पालकत्व रजा आणली. आज तेथे एका अपत्यामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांतील ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखून ठेवलेले असतात. वडिलांनी ते घेतले नाहीत तर ते वाया जातात. मूल सांभाळणे हे आईचेच काम, हे गृहीतच त्या कायद्याने मोडीत काढले.

२९९ मिनिटे आणि ९७ मिनिटे

आपल्या घरांचे चित्र काय आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के विनामूल्य घरकामात सहभागी असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बँकेतून घरी परतलेल्या स्त्रीची दुसरी पाळी तेथे सुरू होते आणि तिची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नाही.

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या हार्वर्ड विद्यापीठातील क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. एकाच व्यवसायात, सारख्या शिक्षणाने सुरुवात करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या उत्पन्नात मोठे अंतर पडते ते बहुतांशी पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर, असे त्यांना दिसून आले. याचे एक कारण त्यांनी ‘अधाशी’ नोकऱ्यांमध्ये शोधले. अवेळी थांबणाऱ्याला, कोणत्याही क्षणी हजर होणाऱ्याला अशी नोकरी दामदुप्पट मोबदला देते. घरातील एकाने ती पत्करली, की दुसऱ्याला मुलासाठी मोकळे राहावे लागते. हा दुसरा जीव बहुधा पत्नीच असते.

खात्यातील रिकामी जागा

या विषयाला बँकेच्या खातेदारांनी ध्यानात घ्यावी अशी एक आर्थिक बाजूही आहे. समजा, एक तरुणी दरमहा ५,००० रुपये निवृत्तीसाठी बाजूला ठेवते आणि मुलासाठी पाच वर्षे नोकरी सोडते. न भरलेली रक्कम ३ लाख रुपये. परंतु दरमहा चक्रवाढीने वार्षिक ८ टक्के परतावा धरला, तर पाच वर्षांअखेर ती सुमारे ३ लाख ६७ हजार झाली असती आणि तशीच राहू दिली असती तर पुढील २५ वर्षांत सुमारे २७ लाखांवर पोहोचली असती. पाच वर्षांच्या खंडाची खरी किंमत वृद्धापकाळी कळते, ती अशी.

यावरील उपाय घरातच आहे. पत्नीने मुलासाठी नोकरी थांबविली, तर त्या काळात तिच्या नावावरील सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा किंवा निवृत्तिवेतन योजनेचा हप्ता पतीच्या पगारातून भरला जावा. हे औदार्य नव्हे. तिने उचललेल्या सामाईक जबाबदारीचा तो हिशेब आहे. तिचे स्वतंत्र खाते चालू राहावे, विमा खंडित होऊ नये, गुंतवणुकीच्या निर्णयात तिची स्वाक्षरी असावी. नोकरी थांबली म्हणून आर्थिक अस्तित्व थांबता कामा नये.

वाट परतीची

संस्थांनाही बरेच काही करता येते. १९७७ मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून स्टेट बँकेत आलेल्या अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या वा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंत सेवेतून विराम घेण्याची मुभा मिळाली. अशा योजनेचे मोल केवळ रजेत नाही; परतीचे दार उघडे आहे, या आश्वासनात ते आहे. रजेवरून परतलेल्या अधिकाऱ्याला पुन्हा जबाबदारीचे काम मिळणे, मूल लहान असताना बदली जवळच्या शाखेत होणे, आणि या सवलती मागणाऱ्या पित्याकडे कोणी भुवया उंचावून न पाहणे, एवढे झाले तरी अनेक राजीनामे लिहिलेच जाणार नाहीत.

समानतेचा अर्थ प्रत्येक स्त्रीने नोकरीच करावी असा नाही. कोणी पूर्णवेळ घर सांभाळील, कोणी मूल न होऊ देण्याचे ठरवील, कोणी दोन्ही आघाड्या पेलील. यांपैकी कोणतीही वाट दुसरीहून हलकी नाही. अट एकच की ती वाट तिने स्वतः, भीती आणि अपराधभावाविना निवडलेली असावी.

त्या शाखेत पेढे अजून वाटले जात आहेत. होकार कळविण्याची मुदत संपलेली नाही. सायंकाळी घरी गेल्यावर ती पतीला यादी दाखवील. तेव्हा “बाळाचे काय?” हा प्रश्न निघेलच, निघायलाही हवा. फक्त त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या टेबलाशी दोघांनीही बसायला हवे.