करार, ब्रीत आणि मीठ (लेखांक 9)

'जुना करार' आणि 'नवा करार' ही नावे मराठीत इतकी रुळली आहेत की त्यांतला 'करार' हा मुळात दफ्तरातला शब्द आहे, हे जाणवत नाही. शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. मूळ अर्थ ठरणे, स्थिरावणे. रत्नागिरीत तो रोजच्या बोलण्यातला आहे. हापूसची बाग कराराने दिली जाते: कलमे मालकाची, फवारणी, राखण आणि काढणी घेणाऱ्याची, रक्कम आणि मुदत आधी ठरलेली. एकाने शब्द मोडला की दुसरा मोकळा. बायबलमधला करार असाच असतो का? आज खरे तर 'हेसेद' या हिब्रू शब्दाची पाळी होती. पण गणना या पुस्तकातला 'मिठाचा करार' म्हणजे मिठागराचा मक्ता काय, असे रत्नागिरीच्या एका वाचकाने विचारले आहे, आणि हेसेदची वाट त्या मिठावरूनच जाते.

कराराला हिब्रूत 'ब्रीत' म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही; बेडी किंवा कडी अशा अर्थाच्या एका अक्कादी शब्दाशी काही अभ्यासक त्याचे नाते जोडतात. त्याहून बोलके आहे ते त्याच्यासोबत येणारे क्रियापद: 'कारत', म्हणजे कापणे. हिब्रूत ब्रीत करीत नाहीत, कापतात. (कारत आणि करार यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग.) काय कापतात, ते उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात दिसते. अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा, प्रत्येकी तीन वर्षांचे, मधोमध चिरतो आणि अर्ध्यासमोर अर्धे मांडतो. होला आणि पारव्याचे पिल्लू मात्र चिरत नाही. मांसावर उतरणारे हिंस्र पक्षी तो हाकलत राहतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, आणि काळोख पडल्यावर धुमसती शेगडी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते.

याचा अर्थ यिर्मयाच्या 34 व्या अध्यायातून लागतो. चिरलेल्या वासराच्या दोन भागांमधून जाणारा माणूस स्वतःवर शाप घेत असतो: शब्द मोडला तर आपलीही गत अशीच होवो. उत्पत्तीतल्या प्रसंगात तुकड्यांमधून अब्राम जातच नाही. तो झोपलेला आहे. शेगडी आणि मशाल ही देवाची खूण; शाप तो एकटा आपल्यावर घेतो. बागेच्या करारात असे कोणी लिहून देणार नाही.

पण सगळेच ब्रीत एकतर्फी नाहीत. सीनायपाशी मोशे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो, आणि लोक आज्ञा पाळण्याचे कबूल करतात. 1954 साली अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी या कराराची घडण हित्ती सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांशी ताडून पाहिली. त्या तहांत आधी सम्राटाचे नाव येते, मग त्याने केलेल्या उपकारांची हकिकत, मग अटी, साक्षी, आणि अखेर शाप व आशीर्वाद. पुढच्याच वर्षी इराकमधल्या निमरूदला अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथांच्या मातीच्या विटा सापडल्या. त्यांतले काही शाप अनुवाद या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायाशी जवळजवळ क्रमानेच जुळतात. 1970 मध्ये मोशे वाइनफेल्ड यांनी दुसरा नमुना पुढे ठेवला: राजाने निष्ठावंत सेवकाला दिलेले दान. मराठी वाचकाला हा फरक लगेच उमगेल, कारण तो तहनामा आणि इनामाची सनद यांतला आहे. सीनायचा करार तहनाम्याच्या वळणाचा. अब्राहाम आणि दावीद यांना मिळालेले करार वंशपरंपरेने चालणाऱ्या सनदांच्या वळणाचे. ही विभागणी इतकी काटेकोर नाही, अशी टीका पुढे झाली. तरी वाचनाला ती अजून उपयोगी पडते.

'मिठाचा करार' सनदांच्याच घरात मोडतो. गणनेच्या 18 व्या अध्यायात याजकांना अर्पणांतला कायमचा वाटा मिळतो, 2 इतिहासाच्या 13 व्या अध्यायात दाविदाच्या घराण्याला राज्य. दोन्ही ठिकाणी मिठाचे नाव आहे, मक्ता कुठेच नाही. मीठ नासू देत नाही म्हणून ते टिकाऊपणाची खूण, हे नेहमीचे स्पष्टीकरण. खारवलेली मासळी आणि मिठातली कैरी ठेवणाऱ्या कोकणाला ते सांगायला नको. दुसरा धागा एज्राच्या चौथ्या अध्यायात सापडतो. इराणच्या बादशहाला अरामी भाषेत पत्र लिहिणारे अधिकारी आपण राजवाड्याचे मीठ खातो असे सांगतात, म्हणून त्याचे नुकसान त्यांना पाहवत नाही. मराठीत याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. ब्रीत या शब्दातले जे 'करार' म्हटल्यावर निसटते, ते या वाक्प्रचारात सापडते: कागदाआधीचे, ताटावरचे बंधन.

ही अडचण जुनी आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून ग्रीक भाषांतर करणाऱ्यांपुढे दोन शब्द होते: 'सिंथेके' म्हणजे दोघांचा करारमदार, आणि 'दियाथेके' म्हणजे एकाने केलेली व्यवस्था, मृत्युपत्रसुद्धा. त्यांनी दुसरा निवडला. लॅटिनमध्ये त्याचे 'टेस्टामेंटुम' झाले, आणि त्यातूनच 'टेस्टामेंट' आले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 च्या 'क्रिस्तपुराणा'त हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. त्या ग्रंथाचे दोन भाग 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण' आहेत.

कोकणात 'ब्रीत' भाषांतराशिवायही नांदले. बेने इस्राएल या इथल्या ज्यू समाजाच्या घरांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते; तो विधी 'ब्रीत मिला', उत्पत्तीच्या 17 व्या अध्यायातल्या कराराची खूण. त्या वेळी एलिया संदेष्ट्यासाठी एक खुर्ची मांडतात. हाच एलिया अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला, अशी या समाजाची श्रद्धा आहे आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. खुर्चीमागची कथा अशी: इस्राएल लोकांनी करार सोडला, अशी तक्रार एलियाने देवाकडे केली होती (1 राजे 19). तेव्हा ज्याने करार मोडल्याची फिर्याद केली, त्यानेच प्रत्येक सुंतेला हजर राहून तो पाळला जात असल्याची साक्ष द्यावी, असा निवाडा रब्बींच्या परंपरेत झाला.

हेसेद पुढच्या लेखांकात.