अवयव न सापडलेली संयुक्त संख्या

मूळ आणि संयुक्त संख्यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून झाल्या, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एकही अवयव न दाखवता एखादी संख्या संयुक्त आहे असे सिद्ध करता येईल का?" तास संपत आला होता. मी "नाही" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते. ती चूक दुरुस्त करण्यासाठीच हा लेख.

२ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, असे करीत जा आणि प्रत्येक पायरीवरील संख्येत १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतील. या पाचही मूळ आहेत. पुढच्याही सर्व मूळच असतील, असा फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा १६४० च्या सुमारास समज झाला. १७३२ साली ऑयलरने तो खोटा ठरविला. पाच वेळा वर्ग केल्यावर येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या म्हणजे ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार होय.

आता वीस वेळा वर्ग करून १ मिळवू. या संख्येत ३,१५,६५३ अंक आहेत. एका पानावर दोन हजार अंक छापले तरी दीडशेहून अधिक पाने लागतील! तरीही तिच्याविषयी पुष्कळ काही सांगता येते. या मालिकेतील प्रत्येक संख्या आधीच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराहून २ ने मोठी असते. उदाहरणार्थ, ३ × ५ × १७ = २५५, आणि पुढची संख्या २५७. म्हणून आपल्या प्रचंड संख्येला ३, ५, १७ किंवा ६४१ यांपैकी कोणत्याही संख्येने भागले, तरी बाकी २ च उरणार. तसेच तिच्या प्रत्येक विभाजकाला ४१,९४,३०४ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे, हे लुकासच्या प्रमेयावरून कळते.

पण ती मूळ आहे की संयुक्त? येथे पेपिनची १८७७ ची कसोटी उपयोगी पडते. ३ चा वर्ग करावा, दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यावी, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करावा, आणि असे ठराविक वेळा करावे. शेवटची बाकी दिलेल्या संख्येहून एकाने लहान आली तरच ती संख्या मूळ. १७ साठी तीन वर्ग लागतात. बाकी अनुक्रमे ९, १३ आणि १६ येतात. १६ ही १७ हून एकाने लहान, म्हणून १७ मूळ.

आपल्या संख्येसाठी असे १०,४८,५७५ वर्ग करावे लागतात. जेफ यंग आणि डंकन ब्यूएल यांनी संगणकाच्या साह्याने ते केले आणि १९८८ साली निकाल प्रसिद्ध केला. शेवटची बाकी हवी ती आली नाही. म्हणजे संख्या संयुक्त, यात तिळमात्र शंका नाही. मात्र तिचा एकही खरा अवयव आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही.

हे विचित्र वाटते का? खानापूरचे मडके विकत घेताना आपण टिचकी मारून पाहतो. बद्द आवाज आला की तडा आहे हे कळते. तो नेमका कोठे आहे, हे डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. पेपिनची कसोटी ही तशीच टिचकी आहे.

'आहे' हे कळणे आणि 'कोठे आहे' हे सापडणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या संख्येने मला शिकविले. या अंतराला व्यवहारातही मोल आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधलेली गुप्तलेखनाची पद्धत, मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते याच गोष्टीवर विसंबून आहे.

मागच्या बाकावरील त्या मित्राला माझे सुधारलेले उत्तर असे: होय, सिद्ध करता येते. आणि पुढच्या वेळी घंटा झाली तरी मी उत्तराची घाई करणार नाही.